दस्तीखालचं चौथं बोट

यंदाही आमच्या शिरड शहापूरला कडुनिंब फुलला आणि मी माठातलं पाणी प्यायलो. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं कोणालाही वाटेल. चैत्रात सगळेच माठातलं पाणी पितात. पण गेल्या चैत्रात मी ते प्यायलो नव्हतो. जीपच्या पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटेल अशा उन्हात, चैत्र आणि वैशाख असे दोन्ही महिने, मी कोमट पाणी पीत होतो. मागच्या पडवीत नवा माठ भरलेला असायचा, त्याच्यावर ओला फडका असायचा आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

नांदेडच्या दवाखान्यातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. या सलाईननंतर थंड प्यायचं नाही, थंड वस्तूला हात लावायचा नाही, गार वाऱ्यात तोंड झाकायचं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, पौषात सलाईन सुरू झाल्या. दर एकवीस दिवसांनी एक सलाईन, मग चौदा दिवस गोळ्या, मग सात दिवस मोकळे. असं आठ वेळा. मी म्हणालो, "मॅडम, आठ जास्त होऊन राहिल्या. सहात भागवा." त्या वयानं माझ्या लेकीएवढ्या. हसल्या आणि म्हणाल्या, "काका, हा बाजार नाही."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. मला मात्र बाजाराशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

मी बैलांचा दलाल. आमच्याकडं हेडी म्हणतात. लहानपणी दुसऱ्यांची गुरं राखली, मोठेपणी त्यांचे सौदे केले, त्यातून घर बांधलं, लेकींची लग्नं केली. मी कोणाकडून काही शिकलो नाही, सगळं स्वतःच्या हिमतीवर केलं, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते खरं नव्हतं. पण ते पुढं येईल.

बैल बाजारात मोठा आकडा तोंडी ठरतो. वरचे हजार दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली. एका दलालानं विकणाऱ्याकडून उभं राहायचं, दुसऱ्यानं घेणाऱ्याकडून. दोघांनी हात हातात द्यायचे, वर दस्ती टाकायची, आणि खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक हजार, चार धरली की चार, पंजा धरला की पाच. पेराला चिमटा घेतला की अर्धा. भोवती माणसं उभी असतात, सगळ्यांचे डोळे त्या कापडावर असतात आणि कोणालाच काही दिसत नाही. आपण तोंडानं पावसापाण्याचं बोलत राहायचं. मला या कामात फार सुख होतं. समोरच्याचा हात खोटं बोलून राहिला की खरं, ते मला त्याच्या तळव्याच्या घामावरून कळायचं.

माझा जोडीदार गंगाधर. बावीस वर्षं त्याचा हात माझ्या हातात होता. बायकोचा एवढा वेळ नव्हता. हे मी एकदा बायकोला बोलूनही दाखवलं. कौसल्या म्हणाली, "मग सलाईनच्या वक्ताला त्याहीलाच शेजारी बसवा."

सलाईनच्या दिवशी तीच शेजारी बसायची. आधी उलटीची सुई द्यायचे, मग खरं औषध. संध्याकाळपर्यंत हाताला मुंग्या यायच्या. पहिल्या वेळी घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी सवयीनं पितळी तांब्या उचलला. पौषातली थंडी, तांब्या रात्रभर बाहेरचा. शंभर सुया एकदम बोटांत घुसल्या आणि तांब्या पायावर पडला. दुसऱ्या वेळी मॅडमचं ऐकायचं सोडून, खरं की खोटं बघू म्हणून, एक घोट गार पाणी घेतलं. घसा आवळला. श्वास आत जातोय की नाही ते कळेना. कौसल्यानं कोमट पाण्याची वाटी तोंडाला लावली तेव्हा कुठं सैल झालं. मी तिलाच ओरडलो, माठ समोर कशाला ठेवला म्हणून. तिनं माठ उचलून मागच्या पडवीत नेला. त्या दिवसापासून पाणी प्यायला ती स्वतः पडवीत जायची, माझ्या समोर प्यायची नाही. हे मला खूप दिवसांनी लक्षात आलं.

फाल्गुनात आमच्याकडं हळद शिजवतात. शेजारच्या रानात कढया चढल्या की तो वाफेचा वास गावभर फिरतो. जन्मभर मला तो वास आवडला. त्या वर्षी तो वास आला की मी खिडक्या लावून घ्यायचो. जेवणाच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी घ्यायची, थोडं थोडं खायचं, तिखट नाही, फोडणी नाही. तोंडात फोड आले तर मीठ आणि खायचा सोडा टाकून कोमट पाण्यानं गुळण्या. जुलाब लागले की साखर-मिठाचं पाणी, आणि थांबले नाहीत तर फोन करायचा. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले, त्याला मलम. कौसल्या दिवसातून दोनदा माझे पाय मांडीवर घेऊन ते चोळायची आणि वर सुती मोजे घालायची. बैलांना नाल मारताना मी शेकडो पाय असे मांडीवर घेतले होते. माझे पाय कोणी असे घेईल, असं वाटलं नव्हतं. मी भिंतीकडं बघत राहायचो.

बँकेत अंगठा लागेना. मशिनवर दाबून दाबून थकलो. आतला माणूस म्हणाला, "काका, हात पुसा." मी पुसला. "पुन्हा पुसा." शेवटी त्यानं माझा हात धरून बघितला, तर अंगठ्यावर रेघाच नव्हत्या. गोळ्यांनी कातडी गुळगुळीत झाली होती. तो म्हणाला, "तुमचा ठसाच गेला की." मी त्याच्यावर जाम तापलो. तिथल्या खुर्चीला लाथ मारली. त्याचा काय दोष होता?

आता मुद्द्याचं. दर एकवीस दिवसांनी सलाईनच्या आधी मॅडम एकच प्रश्न विचारायच्या. "हातापायाला मुंग्या किती दिवस राहतात? शर्टाची बटणं लावता येतात का?"

आधी मुंग्या चार दिवस राहायच्या, मग दहा दिवस. चौथ्या सलाईननंतर त्या गेल्याच नाहीत. बटण मला सापडायचं, पण काजात जायचं नाही. नाणं आणि बटण यातला फरक बोटांना कळेनासा झाला. दवाखान्यात जाण्याच्या दिवशी कौसल्या घरीच माझी सगळी बटणं लावायची, अगदी गळ्याचंही. आणि मी मॅडमना सांगायचो, "येतात की. हे बघा लावलेली."

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. लंगडा बैल विकायचा असला की हेडी त्याला कडक जमिनीवर चालवत नाही. नांगरलेल्या मऊ रानात चालवतो. तिथं लंगडणं दिसत नाही. शिंगं घासतो, तेल लावतो, रंग देतो. घेणारा दात मोजत बसला की त्याला बोलण्यात गुंतवतो. ही विद्या माझ्या अंगात इतकी भिनलेली की समोर मॅडम बसल्यात हे मी विसरायचो. मला समोर घेणारा दिसायचा. आपल्या मालातलं व्यंग दाखवायचं नाही, बस्स.

आणि दुसरीही एक हुशारी होती. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं सांगितलं होतं की मुंग्या सांगितल्या तर ते औषध कमी करतात. मला वाटलं, कमी औषध म्हणजे कमी माप. आठ सांगितल्यात तर आठ भरून घेईन, रत्तीभर कमी घेणार नाही. पहिल्या दिवशी सहात भागवा म्हणणारा मीच. दोन्ही वेळा मला वाटलं की मी समोरच्यावर मात करून राहिलोय. समोर कोणीच नव्हतं. माझीच बोटं होती.

अशा बोटांनी मी बाजारात जात होतो. सात मोकळ्या दिवसांत अंगात जरा ताकद यायची. मॅडमनी गर्दी टाळा, तोंडाला फडकं बांधा, खोकणाऱ्यापासून लांब राहा असं सांगितलं होतं, कारण अंगातली लढायची शक्ती कमी झालेली असते. मी फडकं बांधून जायचो. चैत्रात पाडव्यानंतर बैलांच्या जोड्यांचा बाजार तेजीत असतो आणि मी घरी बसलो तर माझं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जाईल, एवढंच डोक्यात. सांगायला कारण हे. खरं कारण असं की दस्तीखाली हात गेला की मी आजारी नसायचो.

तेव्हा गंगाधरला खोकला लागला. दस्तीखाली त्याचा हात आला की बाजूला तोंड करून तो खोकायचा. दोनदा, तीनदा. मी सहन केलं. पण दोन-तीन बाजार झाले तरी खोकला जाईना तेव्हा मी चिडलो. "गंगाधर, औषध घे. डॉक्टरीण म्हणून राहिली, खोकणाऱ्याजवळ जाऊ नका. मला मारतो का तू?"

तो म्हणाला, "न्हाई दादा. पुढच्या बाजारी न्हाई खोकणार."

पुढच्या बाजारी तो खोकला नाही.

वैशाखाचा पहिला पंधरवडा. सहावी सलाईन होऊन दोन आठवडे झालेले. सिद्धेश्वरकडचा एक शेतकरी चार दाती, ऐन तरुण जोडी बघायला आला होता. लाल कंधारी बैल, पाणीदार डोळे. विकणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून गंगाधर उभा. मी घेणाऱ्याकडून. हात दिले, दस्ती टाकली. मला दाब कळला. एक, दोन, तीन. मी पुन्हा हात सैल केला, त्यानं पुन्हा दाबलं. तीन. मी मान डोलावली आणि घेणाऱ्याला सांगितलं, वरचे तीन, सौदा झाला. त्यानं बैलाच्या पाठीवर हात मारला. आमच्यात तसं केलं की शब्द मागं घेता येत नाही.

गंगाधर हळूच म्हणाला, "दादा, चार म्हणलो मी."

"तीन दाबलीस."

"चार. बराबर चार दाबली."

"गंगाधर, बावीस वरसं झाली. मला बोटं मोजायला शिकवून राहिला का आता?"

"शिकवत न्हाई दादा. पण चार व्हती."

भोवती माणसं जमली. कोणीतरी हसलं. मला वाटलं, मी आजारी आहे, याला वाटतंय आता याला काही कळत नाही, म्हाताऱ्याशी संगनमत करून मला खोटं पाडतोय. माझा आवाज चढला. मी त्याला बेइमान म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "तुझ्या बापानं बी दस्तीखाली असंच खाल्लं असंल." आणि माझी दस्ती त्याच्या तोंडावर फेकली.

त्याचा बाप हेडी होता. बाजारात त्याचा शब्द म्हणजे शब्द.

गंगाधरनं दस्ती उचलली. धूळ झटकली, घडी घातली, खिशात ठेवली. मग म्हाताऱ्याला म्हणाला, "मामा, तिनावर द्या जोडी. दादानं शब्द दिला. चौथं माझ्याकडून." आणि गेला.

मी घरी आलो तो अजून रागातच. तोंड धुतलं, खाटेवर आडवा झालो आणि कौसल्याला सांगत राहिलो, त्यानं कसं केलं, मी कसं सुनावलं. ती मलम घेऊन बसली होती. पाय झाले. मग उजवा हात घेतला. आणि थांबली.

"हे काय लागलं?"

"कुठं?"

"करंगळीला. नख रुतलंय. रगत सुकलंय बघा."

मी हात डोळ्यांजवळ आणला. करंगळीच्या मधल्या पेरावर चंद्रकोरीसारखा एक काप होता. गोळ्यांनी कातडी इतकी पातळ झाली होती की नखानं फाटली होती. बाजूला तशीच अजून एक खूण. दोन वेळा दाबलेलं. मला दोन्ही वेळा काहीच कळलं नव्हतं.

"दुखलं न्हाई?" तिनं विचारलं.

अंगठ्याशेजारच्या बोटापासून मोजलं तर करंगळी चौथी.

तिनं ताटलीत पाणी घेतलं, कोमट, आणि रक्त पुसलं. मग बोलली. "गंगाधर भावजी आले व्हते पाडव्याच्या आधी. तुमी झोपले व्हते. इचारून राहिले, वहिनी, दादाच्या बोटाला झालं काय? दस्तीखाली हात मुडद्यावानी लागतो. मी सांगितलं सगळं. तर म्हणे, कोणाला बोलू नका. बाजारात कळलं तर दादाला कोणी उभं करणार न्हाई. मी सांभाळतो."

"सांभाळतो म्हणजे?"

"खोकून. म्हणे आमचं जुनं हाय."

जुनं होतं. बावीस वर्षांपूर्वी मी या धंद्यात आलो तेव्हा मला दस्तीखालची भाषा येत नव्हती. गंगाधर वयानं माझ्याहून लहान, पण हेडीच्या घरातला. त्यानं आणि त्याच्या बापानं मला शिकवली. पहिले काही महिने मला बोटं ओळखू यायची नाहीत, तेव्हा तो बोटं दाबायचा आणि सोबत तेवढ्या वेळा खोकायचा. पुढं माझी बोटं तयार झाली आणि त्याचा खोकला थांबला. मी ते विसरलो. इतका पक्का विसरलो की मी कोणाकडून काही शिकलो नाही, असं सांगत फिरलो. मात्र माझे कान विसरले नव्हते. चैत्रातल्या त्या बाजारांत मला वाटायचं, बोटांनीच कळतंय. बोटांनी नीट काही कळत नव्हतं. मी गंगाधरच्या खोकल्यावर सौदे करत होतो. आणि त्याला खोकू नको असं मीच सांगितलं होतं.

"तू मला काहून न्हाई सांगितलं?" मी कौसल्याला म्हणालो.

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं?"

"त्याहीला शिव्या दिल्या असत्या. दुसरं काय."

सातव्या सलाईनच्या दिवशी तिनं माझी बटणं लावली. सगळी, गळ्याचंही. दवाखान्यात मॅडमनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत कौसल्या उठली, माझ्या गळ्याचं बटण काढलं, त्याच्या खालचं काढलं आणि म्हणाली, "लावा."

मी प्रयत्न केला. मॅडम बघत होत्या. शेजारची सिस्टर बघत होती. पंख्याचा आवाज येत होता. बोटं बटणाभोवती फिरत राहिली. मला कडक जमिनीवर चालवलं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, मी भांडलो असतो. त्यांनी कागदावर रेघ मारली. सलाईन बंद, फक्त गोळ्या. मुंग्यांसाठी एक वेगळी गोळी. म्हणाल्या, "काका, हे चौथ्या वेळी सांगितलं असतं तर तेव्हाच औषध कमी केलं असतं. ते माप कमी करणं नसतं. ज्याला जेवढं सोसतं तेवढंच द्यायचं, म्हणून तर मी दर वेळी विचारते." मी विचारलं, "बोटं परत येतील का?" त्या म्हणाल्या, "थोडी येतील. काहींची पूर्ण येतात. अजून एक-दोन महिने वाढेल, घाबरू नका. किती राहील ते आज सांगता येत नाही."

दर्जी कापड मोजतो, डॉक्टर माणसाचा त्रास मोजतो, आणि त्यासाठी त्याला त्या माणसाच्या तोंडाखेरीज दुसरं माप नाही. मी माझ्या तोंडाला कुलूप लावून बसलो आणि वर स्वतःला हुशार समजलो.

पावसाळाभर घरी बसलो. कौसल्या परातीत मूग आणि ज्वारी एकत्र ओतायची आणि मी डोळे मिटून वेगळे करायचो. दवाखान्यातच शिकवलं होतं तसं. पहिल्यांदा काहीच कळायचं नाही. पोळ्यापर्यंत मूग कळू लागला, मग ज्वारी. करंगळी मात्र तशीच. गोळ्या संपल्या, तपासण्या झाल्या. सध्या तरी आत काही नाही, असं मॅडम म्हणतात.

आणि गंगाधर? तो आला नाही. हे मी वर्षभर मनात धरून बसलो. बावीस वर्षांचा जोडीदार, एकदा बघायला येऊ नये? तोंडावर सांगायचं होतं त्यानं, दादा, तुझी बोटं मेलीत. माझी कीव करायचा अधिकार त्याला कोणी दिला? मी कोणाची कीव घेतली नाही जन्मात. असं घोकत राहिलो की बरं वाटायचं. राग धरला की लाज थोडी मागं सरते, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या घरावरून जीप जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या रानाकडं बघायचो, जणू तिथं काही पेरलंय.

हिवाळ्यात आमच्याकडच्या गोरेगावचा एक ओळखीचा दुकानदार भेटला. हसत हसत सांगून राहिला की बाजारात पोरं आता गंगाधरला चिडवतात. तो दस्ती काढायला लागला की म्हणतात, "किती बोटं, गंगाधर? तीन का चार?" आणि म्हणे त्यानं दस्ती वापरायचीच सोडली. तोंडी सौदे करतो, सगळ्यांसमोर. असे सौदे फार होत नाहीत.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तोवर मी असं ठरवलं होतं की एक दिवस त्याच्या घरी जाईन, चहा घेईन, झालं गेलं म्हणेन. पण त्याचं नाव मी घरात घालवलं नव्हतं, बाजारात घालवलं होतं. परत द्यायचं तर तिथंच द्यावं लागणार. आणि तिथं द्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं की माझी बोटं मेलेली आहेत. त्यानंतर कोण मला दस्तीखाली हात देणार? हा हिशेब मी माघापासून करत होतो, आणि दर वेळी माझ्या बाजूनं सोडवत होतो.

मग कडुनिंब फुलला. कौसल्यानं माठ पडवीतून पुन्हा पुढच्या खोलीत आणला. मी पाणी प्यायलो. गार पाणी घशातून सरळ खाली गेलं, कुठंही अडलं नाही. ती बाजूला उभी होती. तिनंही एक फुलपात्र भरून घेतलं आणि माझ्यासमोर, वर्षानं, प्यायली. म्हणाली, "आज बाजार हाय."

"ठाऊक हाय."

"मग?"

मी खुंटीवरचा सदरा घातला. बटणं मी स्वतः लावली. वेळ लागला. गळ्याचं राहिलं, ते तसंच ठेवलं.

गंगाधर बाजाराच्या टोकाला, बाभळीखाली एका जोडीजवळ उभा होता. केस जरा पांढरे झाले होते. मला बघून त्यानं बैलाच्या गळ्यातला कंडा सरळ केला, जो आधीच सरळ होता. आजूबाजूला आठ-दहा माणसं होती. एकजण म्हणाला, "आले का माणिकदादा. आता किती बोटं?"

मी हात पुढं केला. "दस्ती हाय का तुझ्याकडं?"

गंगाधर म्हणाला, "आता न्हाई वापरत."

"माझी दे मग."

त्यानं बैलाचा दोर बाभळीला अडकवला. मग खिशातून काढली. तीच होती, घडी घातलेली, धुतलेली. वर्षभर खिशात होती की आजच घेऊन आला होता, मी विचारलं नाही. मी ती माझ्या उजव्या हातावर टाकली आणि हात तसाच त्याच्यापुढं धरला.

"काय करून राहिले दादा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोकं हायत."

"लोकांसाठीच करून राहिलो. घाल हात."

त्यानं हात घातला. दस्ती हलली. तीन बोटांना दाब कळला, करंगळीवर त्याचा हात आहे की नाही ते कळलं नाही. मी डोळे मिटून मूग आणि ज्वारी आठवली, काही उपयोग झाला नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "मला कळत न्हाई. गेल्या वरसापासून माझ्या करंगळीत जीव न्हाई. औषधानं गेला. त्या दिवशी बी नव्हता. मी लपवलं." पुढं अजून बोलायचं होतं, त्याच्या बापाबद्दलचं. तेही बोललो. "आणि हे काम मला यानं आणि याच्या बापानं शिकवलं. मी कोणाला कधी सांगितलं न्हाई."

कोणी हसलं नाही. एक बैल मुतला, त्याचा आवाज आला. मला वाटलं, आता तो हात काढून घेईल. त्याचा तो हक्क होता.

गंगाधरनं तोंड बाजूला केलं. आणि खोकला. एकदा. थांबून, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मी मोजत होतो. चौथ्यांदा खोकला तेव्हा मी दस्तीकडं बघायचं सोडून त्याच्याकडं बघितलं.

"चार," मी म्हणालो. बाभळीच्या पलीकडं बांधलेल्या शेवटच्या जोडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चार व्हती."